जपानी व्हिस्कीत एवढं काय आहे? आणि खरी जपानी कोणती हे ओळखायचं कसं?

सांगलीकर_विनू

नमस्कार मंडळी,

माझा मेहुणा क्योटोत असतो, पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय आणि काय आणू म्हणून मागे लागलाय. आजवर मी स्कॉच आणि आपल्याकडचे सिंगल माल्ट एवढंच प्यायलोय. एका मित्राकडे हिबिकी नावाची जपानी व्हिस्की चाखली होती आणि ती चव काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून म्हटलं या वेळी जपानीच मागवू. नेटवर वाचायला बसलो तर डोकं गरगरायला लागलं. कुठे यामाझाकीच्या किमती वाचून डोळे पांढरे व्हायची वेळ, तर कुठे सामुराईचं चित्र आणि सुंदर जपानी अक्षरं असलेल्या बाटल्या निम्म्या किमतीत, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं की ही मुळात जपानी नाहीच.

तर प्रश्न असे. एक, आठ-दहा हजारांच्या आसपास नेमकं काय मागवावं? दोन, बाटली हातात घेतल्यावर ती खरंच जपानात बनलीय हे कळतं कसं? तीन, स्कॉच शिकून आलेल्या माणसांनीच हे सुरू केलं म्हणतात, मग स्कॉचपेक्षा वेगळं असं त्यात काय आहे? तिसऱ्याचं उत्तर कोणी सविस्तर दिलं तर फार बरं वाटेल, मला नुसती बाटली नकोय, समजूनही घ्यायचंय.

ओसाकावासी

विनू, तिसऱ्यापासूनच सुरू करते कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. बरीच वर्षं ओसाकात राहतेय, यामाझाकी डिस्टिलरी इथून लोकल ट्रेनने अर्ध्या तासावर आहे, पाहुणे आले की हमखास तिकडे नेते.

गोष्ट दोन माणसांची आहे. पहिला शिन्जिरो तोरी, ओसाकाचा पक्का व्यापारी. १८९९ मध्ये दुकान टाकलं, १९०७ मध्ये आकादामा नावाची गोड पोर्ट वाइन काढली, ती तुफान चालली आणि हातात पैसा खेळायला लागला. तेव्हा इथे व्हिस्की म्हणून जे विकलं जायचं ते बहुतेक अल्कोहोलमध्ये रंग आणि वास मिसळलेलं प्रकरण असायचं. तोरीच्या मनाने घेतलं की खरी व्हिस्की इथेच गाळायची, आणि भोवतालच्या लोकांनी वेड्यात काढलं तरी तो मागे हटला नाही, कारण पहिली बाटली विकायच्या आधी वर्षानुवर्षं नुसता पैसा ओतायचा हा धंदा कुणालाच पटणारा नव्हता.

दुसरा मासाताका ताकेत्सुरू. हिरोशिमाजवळच्या ताकेहारात साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्या घरात १८९४ चा जन्म. सेत्सु शुझो नावाच्या कंपनीने त्याला १९१८ मध्ये स्कॉटलंडला धाडलं. ग्लासगोत रसायनशास्त्र शिकला, मग लाँगमॉर्नमध्ये थोडे दिवस, बोनेसला ग्रेन (मका-गव्हासारख्या धान्याची) व्हिस्की, आणि शेवटी कॅम्पबेलटाउनला हेझलबर्नमध्ये काम. सगळं वहीत उतरवून घेत होता, भट्टीपासून कामगारांच्या पाळ्यांपर्यंत. स्कॉटलंडमध्येच रीटा कोवनशी ओळख झाली, १९२० च्या जानेवारीत लग्न केलं, दोन्ही घरांचा विरोध असताना, आणि त्याच वर्षी दोघं जपानात आले. आले तोवर पहिल्या महायुद्धानंतरची मंदी लागलेली, सेत्सुने डिस्टिलरीचा बेतच गुंडाळला. मग १९२३ मध्ये तोरीने त्याला आपल्याकडे घेतलं आणि यामाझाकीचं बांधकाम सुरू झालं, १९२४ च्या नोव्हेंबरात पहिली धार निघाली.

जागेवरूनच दोघांचं वाजलं होतं. ताकेत्सुरूला होक्काइदोची थंडी हवी होती, स्कॉटलंडसारखी. तोरीला ओसाका-क्योटोच्या मधली जागा हवी होती, ग्राहक जवळ, रेल्वे जवळ, आणि पाणी तर असं की चहाच्या विधीचा गुरू सेन नो रिक्यू, त्याने चहाची खोली याच गावात थाटली होती. तीन नद्या तिथे एकत्र येतात, सकाळी धुकं असतं, दमटपणा भरपूर. तोरीचं चाललं.

१९२९ मध्ये शिरोफुदा, म्हणजे पांढऱ्या लेबलची पहिली व्हिस्की बाजारात आली आणि आपटली. ताकेत्सुरूने स्कॉटलंडसारखी धुरकट केली होती, इथल्या लोकांना तो जळका वास सोसला नाही. तोरीने धडा घेतला, १९३७ मध्ये काकुबिन आणली, हलकी, जेवणाबरोबर चालणारी, कासवाच्या पाठीसारख्या चौकड्यांच्या चौकोनी बाटलीत, आणि ती आजही इथल्या प्रत्येक सुपरमार्केटात दिसते. ताकेत्सुरू मात्र १९३४ मध्ये करार संपल्यावर निघाला आणि सरळ होक्काइदोत योइचीला जाऊन स्वतःचं सुरू केलं. व्हिस्की मुरेपर्यंत खायचं काय, तर सफरचंदाचा रस विकायचा, कंपनीचं नावसुद्धा दाइ निप्पोन काजू, म्हणजे फळांच्या रसाची कंपनी. १९४० मध्ये पहिली व्हिस्की आली, तिचं नाव त्यातूनच निक्का.

योइचीला मी भर थंडीत गेले होते. भट्ट्या अजून दगडी कोळशावर चालतात. माणूस फावड्याने कोळसा टाकतो, दार लावतो, काही मिनिटांत पुन्हा उघडून टाकतो, आणि दार उघडलं की तोंडावर झळ येते, पाठ मात्र गारठलेलीच. भांड्यांच्या मानेला साकेच्या घरांत बांधतात तशी भाताच्या पेंढ्याची पवित्र दोरी बांधलेली. स्कॉटलंडहून शिकून आलेल्या माणसाने तांब्याच्या भांड्याला आपल्या बापाच्या घरातली दोरी बांधली, तिथे उभं राहून ते बघताना मला फार भरून आलं होतं.

तर सनटोरी ही तोरीची कंपनी म्हणजे तोरीची वाट आणि निक्का म्हणजे ताकेत्सुरूची. माझ्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. बनवण्याचं जाणकारांनी लिहावं, मडगावचो कुठे आहात?

मडगावचो

हजर आहे ताई. मी गोव्यात एका डिस्टिलरीत कामाला आहे, त्यामुळे या विषयावर बोलायला लागलो की थांबत नाही, आधीच सांगून ठेवतो.

विनूभाऊ, स्कॉच आणि जपानीतला सगळ्यात मोठा फरक चवीत शोधू नका, धंद्याच्या रीतीत शोधा. स्कॉटलंडमध्ये शंभराहून जास्त डिस्टिलरी आहेत आणि त्या एकमेकांना माल देतात-घेतात. ब्लेंड, म्हणजे वेगवेगळे माल मिसळून केलेली व्हिस्की, बनवणाऱ्याला धुरकट माल हवा तर आयला बेटावरचा घेतला, फळांचा हवा तर स्पेसाइड भागातला, प्रत्येक डिस्टिलरीने आपली एकच ढब सांभाळली तरी चालतं. जपानात हे नव्हतंच. सनटोरी निक्काला पिंप देणार नाही आणि निक्का सनटोरीला. (अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, मार्स आणि चिचिबू या दोन छोट्या घरांनी अदलाबदल करून बाटल्या काढल्या, पण मोठ्यांचं अजून तसंच.) मग ब्लेंडरला वीस-तीस प्रकारचा माल हवा तर तो आणायचा कुठून? घरातच बनवायचा. म्हणून यामाझाकीच्या भट्टीघरात तांब्याची भांडी एका मापाची नाहीत, कुणाची मान सरळ, कुणाची फुगीर, कुणाचा नळ वर चढणारा, कुणाचा खाली उतरणारा. फुगीर मानेत जड वाफ परत खाली पडते आणि हलका, फुलांचा माल निघतो, सरळ आखूड मानेत तेलकट भारदस्त. जोडीला यीस्ट वेगवेगळं, जवाला धूर दिलेला किंवा न दिलेला, आंबवायची टाकी लाकडी किंवा स्टीलची. लाकडी टाकीत लॅक्टिक बॅक्टेरिया घर करून राहतात, यीस्टचं काम उरकत आलं की त्यांचं सुरू होतं आणि त्यातून तो मलईदार, पिकल्या फळाचा वास येतो.

आमच्या कामातल्या माणसाला यात किती डोकेदुखी आहे ते विचारा. एकच भांडं एकाच पद्धतीने वर्षभर चालवणं सोपं. दर काही आठवड्यांनी सगळी घडी बदलायची, प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा, पिंपं वेगळी, आणि कुठला माल बारा वर्षांनी कुणाला लागणार ते आज ठरवायचं. तुम्ही हिबिकी प्यायलात ना, त्यात यामाझाकी आणि हाकुशूचे माल्ट आणि चिताची ग्रेन असते, तिन्ही घरं सनटोरीचीच. यामाझाकी १९२३, चिता १९७२, हाकुशू १९७३ चं, सातशे मीटर उंचीवर जंगलात. निक्कानेही तसंच केलं, योइचीचा भारी माल होताच, १९६९ मध्ये सेंदाइजवळ मियागिक्यो काढली मऊ मालासाठी, आणि १९६३ पासून कॉफी स्टिल चालवतात. कॉफी म्हणजे एनिअस कॉफी नावाच्या माणसाची जुन्या धाटणीची उभी भट्टी, आपल्या पिण्याच्या कॉफीशी संबंध नाही. आधुनिक कॉलमपेक्षा ती कमी शुद्ध माल देते, म्हणूनच धान्याची चव राहते.

आता लाकूड. बहुतेक माल अमेरिकन ओकमध्ये किंवा शेरी वाइनच्या पिंपात मुरतो, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून पिंपं येईनात तेव्हा होक्काइदोच्या मिझुनारा ओकची करायला लागले. बनवणाऱ्याला रडवणारं लाकूड आहे ते. झाड वाकडंतिकडं वाढतं, पिंपाच्या लायक व्हायला दोनशे वर्षांच्या आसपास लागतात, छिद्रं अशी की पिंप गळतं. सुरुवातीला ब्लेंडरना त्याचा वास उग्र वाटायचा. पण वीस वर्षांच्या पुढे ठेवलं की त्यातून असा वास निघतो की आपल्याकडच्या कुणालाही देवघरात सहाणेवर चंदन उगाळल्यासारखं वाटेल. विनूभाऊ, तुमच्या डोक्यातून जी चव जात नाहीये ना, तिच्यात माझ्या मते थोडासा याचा हात आहे. हिबिकीत मिझुनाराचा माल अगदी थोडा असतो पण गिळल्यानंतर शेवटी तोच रेंगाळतो.

हवामानाचं एक सांगतो आणि थांबतो. आमच्याकडे गोव्यात वर्षाला पिंपातला जवळपास ८ टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये साधारण २. त्यामुळे आमची व्हिस्की पाच-सहा वर्षांत लाकडाने भरून जाते, वीस वर्षं ठेवायचं म्हटलं तर पिंपात उरणार काय. जपान मध्ये कुठेतरी बसतो, यामाझाकीला उन्हाळा दमट आणि गरम, हिवाळा कडक, लाकूड श्वास घेतं तरी वीस-पंचवीस वर्षं टिकतं.

जुना_गडी

वरचे दोन्ही प्रतिसाद फार सुंदर, ताई आणि मडगावचो, मनापासून आभार. पण विनूला कोणीतरी किमतीबद्दल खरं बोलायला हवं.

जपानात व्हिस्कीचा खप १९८३ च्या आसपास शिखरावर होता. नंतर शोचू ही तिथली गाळलेली दारू आली, करपद्धत बदलली, तरुण पोरांना व्हिस्की म्हणजे बापाचं पेय वाटायला लागलं आणि पंचवीस वर्षं खप घसरतच गेला. डिस्टिलऱ्यांनी गाळणं कमी केलं, काहींनी बंदच केलं. कारुइझावा डिस्टिलरीचं काम २००० मध्ये थांबलं, हान्यू डिस्टिलरीचंही त्याच सुमारास. हान्यूची चारशेच्या आसपास पिंपं नवा मालक टाकूनच द्यायला निघाला होता, इचिरो आकुतो या घरच्या नातवाने ती दुसऱ्याच्या गोदामात नेऊन वाचवली, पुढे पत्त्यांच्या जोडातल्या पानांची नावं देत चोपन्न प्रकारच्या बाटल्या काढल्या आणि २००८ मध्ये चिचिबूला स्वतःची डिस्टिलरी सुरू केली. जपानी व्हिस्कीतलं मला सगळ्यात जवळचं माणूस तेच.

मग काय झालं, की नेमकं तेव्हाच जगाने दखल घेतली. २००१ मध्ये योइची १० ला बक्षीस (आकडा म्हणजे पिंपात मुरल्याची वर्षं), २००८ मध्ये योइची २० जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट, २०१४ च्या शेवटी यामाझाकी शेरी कास्क एका प्रसिद्ध वार्षिक पुस्तकात पहिल्या नंबरावर. त्याच हिवाळ्यात एनएचके या जपानी टीव्हीवर ताकेत्सुरू आणि रीटाच्या आयुष्यावर बेतलेली मालिका. मागणीचा पूर आला आणि पिंपं नव्हती, कारण बारा-पंधरा वर्षांपूर्वी कुणी भरलीच नव्हती. २०१५ मध्ये निक्काने योइची आणि मियागिक्योच्या वयाचे आकडे लिहिलेल्या बाटल्या बंद केल्या, २०१८ मध्ये सनटोरीने हाकुशू १२ आणि हिबिकी १७ थांबवल्या. मग आले साठेबाज. इचिरोच्या त्या पत्त्यांच्या चोपन्न बाटल्यांचा पूर्ण संच २०१९ मध्ये हाँगकाँगला ७० लाख हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. त्यातली एकही उघडली जाणार नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, ज्या माणसाने पिंपं वाचवली त्याने प्यायसाठी वाचवली होती.

म्हणून विनू, बारा-अठराच्या आकड्यामागे पळू नकोस. यामाझाकी १२ ची कंपनीने ठरवलेली किंमत २०२४ मध्येच १५,००० येन झाली होती, टॅक्स वेगळा, आणि कंपनीच्या किमतीला दुकानात मिळणं हेच नशीब, बहुतेक ठिकाणी त्याच्या वर. त्याच पैशात आपला एखादा गोव्याचा किंवा बंगळुरूचा सिंगल माल्ट घेतलास तर तो कुठेही कमी पडणार नाही.

सांगलीकर_विनू

बाप रे, एवढं कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. जुना_गडी काका, आकड्याचा नाद सोडला. पण दुसरा प्रश्न राहिलाच, जपानी आहे की नाही हे कसं कळणार? मेहुण्याने फोटो पाठवलाय, लेबलवर फुजी पर्वत आहे, जपानी नाव आहे, किंमत एकदम बजेटात.

ओसाकावासी

फुजी पर्वताने काही सिद्ध होत नाही. इथला जो दारूवरचा कराचा कायदा आहे त्यात व्हिस्कीची व्याख्या इतकी सैल आहे की दहा टक्के खरी व्हिस्की आणि बाकी दुसरं स्पिरिट असलं तरी ते व्हिस्कीच. शिवाय स्कॉटलंड किंवा कॅनडाहून टँकरने माल आणायचा, इथे बाटलीत भरायचा आणि झकास अक्षरं लिहून विकायचा, हे वर्षानुवर्षं चाललं आणि कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. मागणी वाढल्यावर तर अशा ब्रँडांचं पीकच आलं.

शेवटी इथल्या उत्पादकांच्या संघटनेने २०२१ च्या एप्रिलपासून स्वतःचे नियम लावले, जुन्या बाटल्यांना मार्च २०२४ अखेरपर्यंत मुदत दिली. जपानी व्हिस्की म्हणवून घ्यायचं तर माल्ट वापरलाच पाहिजे, पाणी जपानातलं, शिजवणं-आंबवणं-गाळणं सगळं जपानातल्या डिस्टिलरीत, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात जपानातच निदान तीन वर्षं, बाटलीत भरणंही इथेच आणि ४० टक्क्यांच्या खाली नाही. जव बाहेरचा चालतो, आणि बहुतेक बाहेरूनच येतो. नियम न पाळणाऱ्या बाटलीवर जपानची आठवण करून देणारी नावं, गावं, प्रसिद्ध ठिकाणं, झेंडे वापरायचे नाहीत, वापरले तर स्पष्ट सांगायचं. पण हे सभासदांपुरतं, सगळेच सभासद नाहीत आणि कायद्याचं बळही नाही. त्यामुळे मेहुण्याला सांग, बाटली उलटी कर, डिस्टिलरीचं नाव शोध. यामाझाकी, हाकुशू, योइची, मियागिक्यो, चिचिबू, मार्सची कोमागाताके, असं गाळणाऱ्या जागेचं नाव असेल तर काळजी नाही. नुसतं बाटलीत भरणाऱ्याचं नाव आणि डिस्टिलरीबद्दल अक्षर नाही, तर ठेवून दे. फोटोतल्या बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मागव.

एक मात्र सांगायलाच हवं. निक्का फ्रॉम द बॅरल माझी फार आवडती, छोटी चौकोनी बाटली, ५१.४ टक्के, आणि ती या नियमात बसत नाही, हे निक्काने स्वतःच्या साइटवर उघड लिहिलंय. म्हणून ती वाईट होत नाही. लपवाछपवी नाही तर मला काहीच अडचण नाही.

मडगावचो

ताईंच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. आणि आपण भारतीयांनी तर हे समजून घ्यायला हवं, आपल्याकडे व्हिस्की म्हणून सर्वात जास्त खपणारा माल मळीच्या स्पिरिटवर उभा आहे, युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. लेबलवर खरं लिहा एवढीच मागणी, इथेही आणि तिथेही.

पण जुना_गडी काकांशी एका बाबतीत सहमत नाही. आमचा माल चांगलाच आहे, मी तो रोज बनवतो. तरी तो जपानीच्या जागी ठेवू नका. आमची ताकद जाडजूड, मधाळ, मसालेदार, उन्हात पिकलेली. जपानी ब्लेंडर जे करतो, दहा-वीस माल एकत्र करून कुणाचंच टोक वर येऊ द्यायचं नाही आणि तरी प्रत्येक जण हळूच जाणवला पाहिजे, ते वेगळं कसब आहे. ते समजायला विनूभाऊंनी एकदा तरी जपानी ब्लेंड सावकाश प्यायलाच हवं, आधी नुसती, मग पाण्याचे थेंब घालून, आणि पाणी घातल्यावर काय काय उघडतं ते बघायचं.

मनाली_के

कुणी हायबॉल, म्हणजे व्हिस्की-सोडा, म्हणालंच नाही अजून!! २००८-०९ च्या सुमाराला जपानात व्हिस्की परत उभी राहिली ती सनटोरीने काकुबिनचा हायबॉल बारबारमधून पाजला म्हणून, महागड्या बाटल्यांमुळे नाही. मी दोन वर्षं योकोहामात होते, ऑफिसनंतर इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, सगळे तेच पितात, तळलेल्या चिकनबरोबर.

ग्लास बर्फाने काठोकाठ भरायचा, ढवळून ग्लास गार करायचा, वितळलेलं पाणी फेकून द्यायचं, मग व्हिस्की, पुन्हा ढवळायचं, कमी झालेला बर्फ परत भरायचा, मग फ्रीजमधला कडक गॅसचा सोडा, व्हिस्कीच्या तिप्पट ते चौपट, बर्फावर न आपटता कडेने. नंतर चमचा फक्त एकदा खालून वर. जास्त ढवळलं की गॅस गेला आणि मजा गेली. आपल्याकडच्या उकाड्यात बर्फाचे मोठे तुकडे घ्या, ट्रेमधला बारका बर्फ दोन मिनिटांत पाणी होतो. बोंबील फ्राय बरोबर करून बघा.

जुना_गडी

मडगावचो, मान्य. ब्लेंडिंगचं कसब वेगळं, तो मुद्दा तुमचा बरोबर. विनू, मग माझं मत बदलून सांगतो, ताकेत्सुरू प्युअर माल्ट माग. योइची आणि मियागिक्यो दोन्हींचे माल्ट एकत्र, नियमात बसणारी, वयाचा आकडा नाही म्हणून किंमत आटोक्यात. पैसे उरले तर ताईंची फ्रॉम द बॅरल सोबत. एक माल्टची, एक ब्लेंड, शेजारी ठेवून पी.

सांगलीकर_विनू

ठरलं, दोन्ही. त्या फुजी पर्वताच्या बाटलीच्या मागे फक्त भरणाऱ्या कंपनीचं नाव निघालं, डिस्टिलरीचा पत्ताच नाही, सोडून दिली. आता शेवटचं, मेहुणा ओसाकाहून सिंगापूरमार्गे मुंबईला येणार आहे, बाटल्या कशा आणायच्या?

ओसाकावासी

शहरातल्या दुकानातून घेतल्या तर चेक-इन बॅगेत, कपड्यांत नीट गुंडाळून. एअरपोर्टच्या ड्यूटी फ्रीला घेतल्या तर त्या सीलबंद पिशवीतच राहू द्यायच्या, पावती आत, मुंबईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर सिंगापूरला सिक्युरिटीत काढून घेतील. आणि माणशी दोन लिटरच्या आत, त्यावर गेलं की कस्टम्सची ड्यूटी जबर आहे. ताकेत्सुरूची बाटली ७०० मिलीची, फ्रॉम द बॅरल ५०० ची, म्हणजे तुझ्या मेहुण्याला स्वतःसाठी अजून एक आणायला जागा आहे, त्यालाही सांग.